बँकांवरील भुयारी चोऱ्या आणि ठेव सांभाळणाऱ्याचे उत्तरदायित्व

शूद्रकाच्या ‘मृच्छकटिक’ नाटकात शर्विलक भिंतीला खिंडार पाडून चारुदत्ताच्या घरातून अलंकार पळवितो. ते अलंकार चारुदत्ताचे नसतात. वसंतसेनेने विश्वासाने ठेवलेली ती ठेव असते. तिची भरपाई म्हणून चारुदत्ताची पत्नी धूता आपली रत्नमाला काढून देते. आधुनिक काळातील भुयारी चोऱ्यांच्या इतिहासात शर्विलकाच्या कौशल्याचे वर्णन विस्ताराने येते. धूतेच्या रत्नमालेचा प्रश्न मात्र मागे पडलेला दिसतो.

सप्टेंबर १९७१ मध्ये लंडनच्या बेकर स्ट्रीटवरील लॉइड्स बँकेत झालेली चोरी या दृष्टीने उद्बोधक आहे. चोरट्यांनी जवळच चामड्याच्या वस्तूंचे दुकान घेतले आणि मधल्या उपाहारगृहाखालून सुमारे ४० फूट लांबीचे भुयार खणून, शनिवार-रविवारच्या सुट्टीत तिजोरीगृहाची जमीन फोडली. त्यांचे बिनतारी संभाषण एका हौशी रेडिओचालकाने ऐकले व पोलिसांना कळविले. पोलिसांनी परिसरातील अनेक बँका तपासल्या. या बँकेतही ते येऊन गेले. परंतु तिजोरीचा दरवाजा शाबूत असल्याचे पाहून परतले. त्या वेळी चोरटे आतच होते. सुरक्षिततेची सारी कल्पनाच दरवाजाभोवती केंद्रित झाली होती, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

ऑगस्ट २००५ मध्ये ब्राझीलमधील फोर्तालेझा येथे मध्यवर्ती बँकेच्या शाखेतून सुमारे १६ कोटी ४७ लाख रिआल याच मार्गाने गेले. हिरवळ विकण्याच्या व्यवसायाचे निमित्त असल्याने बाहेर नेल्या जाणाऱ्या मातीविषयी कोणास संशय आला नाही. तेथे रक्कम सरकारी होती आणि तिची मोजदाद नेमकी होती. लॉकरच्या बाबतीत असे नसते. आत काय आहे, हे बँकेस ठाऊक नसते. ग्राहकही कधी पुराव्याअभावी, तर कधी अन्य कारणांनी सर्व सांगत नाही. म्हणूनच बेकर स्ट्रीटच्या चोरीचे मूल्य आजही अंदाजावर अवलंबून आहे.

नवी मुंबईतील जुईनगर येथे बँक ऑफ बडोदाच्या शाखेत नोव्हेंबर २०१७ मध्ये हेच घडले. शेजारचे भाड्याचे दुकान, दुसरा शनिवार व रविवार, आणि सोमवारी उघडकीस आलेले सुमारे ३० फोडलेले लॉकर! अनेक कुटुंबांचे दागिने त्यांत होते. लॉकरचा करार हा केवळ जागा भाड्याने देण्याचा आहे, आतील वस्तूंची जबाबदारी ग्राहकाची, अशीच बँकांची तोपर्यंतची सर्वसाधारण भूमिका होती.

१९ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अमिताभ दासगुप्ता खटल्यात ही भूमिका अमान्य केली. त्यानंतर रिझर्व्ह बँकेने काढलेले निर्देश १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. त्यांनुसार चोरी, आग, इमारत कोसळणे किंवा कर्मचाऱ्याने केलेली फसवणूक अशा प्रसंगी बँकेचे दायित्व लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपर्यंत आहे. वार्षिक भाडे २,००० रुपये असल्यास ही मर्यादा २ लाख रुपये होते; मग आत एक अंगठी असो वा तीन पिढ्यांचे सोने. जुईनगरची चोरी या निर्देशांच्या चार वर्षे आधीची आहे.