मोटारीची किल्ली: हँडलपासून चिपपर्यंत

बोईसरहून चिल्हार फाट्याकडे निघालो की वाटेत बेटेगाव लागते. या औद्योगिक पट्ट्यात पंधरा-वीस वर्षे वापरलेल्या मोटारी पुष्कळ दिसतात. अशा मोटारीच्या मालकाला दोन दुखणी केव्हातरी गाठतात. कधी किल्ली फिरते, दिवे लागतात, पण सेल्फ लागत नाही; तर कधी सेल्फ व्यवस्थित फिरतो, इंजिन क्षणभर चालू होते आणि लगेच बंद पडते. दोन्ही वेळा गॅरेजात बोट दाखवले जाते ते इग्निशन स्विचकडे. परंतु या दोन दुखण्यांचे कूळ एक नाही. पहिले आहे विजेच्या जोडणीचे आणि दुसरे बहुधा चोराच्या धास्तीतून जन्मलेल्या यंत्रणेचे. दोहोंमध्ये अनेक दशकांचे अंतर आहे, आणि ते आपण सावकाश चालून पाहण्यासारखे आहे.

1897 साली अर्देशिर गोदरेज यांनी मुंबईत लालबागला कुलपे बनवायला सुरुवात केली. पुढच्याच वर्षी मुंबईच्या रस्त्यांवर पहिल्या मोटारी धावू लागल्या. त्यांच्या मालकांत जमशेटजी टाटा होते. कुलूप आणि मोटार अशी पाठोपाठ एका शहरात आली, तरी त्यांची गाठ पडायला वेळ लागायचा होता. त्या काळी पुढे उभे राहून हँडल मारावे लागे, आणि इंजिनाने उलटा झटका दिला तर मनगट मोडे. ठिणगीची वीज स्वतः बनवणाऱ्या मॅग्नेटोवर चालणाऱ्या मोटारीत स्विच असे तो इंजिन थांबवण्यासाठी. ठिणगीचा प्रवाह गाडीच्या सांगाड्याला (अर्थला) जोडला की इंजिन बंद. आज ज्याला आपण गाडी सुरू करणारा म्हणून ओळखतो, त्या स्विचचे मूळचे काम बंद करण्याचे होते, हे मला या इतिहासातले सर्वांत लोभस वळण वाटते.

1912 च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंग यांचा विजेवरचा सेल्फ आला आणि हँडलची सद्दी संपू लागली. तरीही सेल्फचे बटण वेगळे आणि किल्ली वेगळी, अशी विभागणी बराच काळ टिकली. 1949 मध्ये क्रायस्लरने दोन्ही कामे किल्लीच्या एका फिरकीत आणली. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या ज्या फियाट आणि पद्मिनी मुंबईने टॅक्सी म्हणून दशकानुदशके वापरल्या, त्यांच्या किल्लीत चिपचे नावही नव्हते. स्विचमागच्या तारा जोडून गाडी ‘डायरेक्ट’ करता येई. मालकाची किल्ली हरवली तर ती सोय होती, चोरालाही तितकीच.

त्या सोयीवर पहिला घाव घातला स्टिअरिंग लॉकने. अमेरिकेत 1 जानेवारी 1970 पासून नव्या मोटारींना चोरीविरोधी कुलपाचा नियम लागू झाला. किल्ली काढली की स्टिअरिंग अडकू लागले. 1986 च्या कॉर्व्हेटमध्ये किल्लीच्या पात्यातच छोटा रोधक बसवला गेला. त्याचे मूल्य जुळले तरच गाडी सुरू होई. पण ही मूल्ये अवघी पंधरा, म्हणजे चिकाटीच्या चोराला एकेक करून ती तपासता येत. मग चिप आली. किल्लीच्या मुठीतल्या या चिपला स्वतःचा सेल लागत नाही. कुलपाभोवतीच्या तारेच्या कडीतून तिला ऊर्जा मिळते, ती आपली ओळख कळवते, आणि ओळख पटली तरच इंजिनाचा संगणक इंधन वा ठिणगी सोडतो. युरोपात ऑक्टोबर 1998 पासून नव्या प्रवासी मोटारींना इंजिन असे अडवून धरणारा इमोबिलायझर सक्तीचा झाला. आपल्याकडे या शतकाच्या पहिल्या दशकात मारुतीच्या मोटारींत ‘आयकॅट्स’ या नावाने तो घरोघरी पोहोचला.

स्विच मात्र साधा राहिला, आणि साधेपणातही जीवघेणा ठरू शकतो हे 2014 मध्ये जगाने पाहिले. जनरल मोटर्सच्या काही मोटारींत किल्लीला जागेवर धरणारा खटका कमजोर होता. जड जुडग्याचा भार पडला किंवा गुडघ्याचा धक्का लागला की धावत्या गाडीची किल्ली फिरे, इंजिन बंद पडे आणि एअरबॅग उघडत नसत. 124 मृत्यूंचा संबंध या दोषाशी जोडला गेला. घर, दुकान आणि कपाट यांच्या किल्ल्या मोटारीच्या किल्लीसोबत ओवण्याची आपल्याकडची सवय म्हणून सोडायला हवी.

तर बेटेगावच्या अशा जुन्या मोटारीत एकाच ठिकाणी तीन वस्तू नांदतात: कुलपाचा सिलिंडर, त्याच्या पाठीमागचा विजेचा स्विच आणि चिप वाचणारी कडी. अनेक मोटारींत पाठीमागचा स्विच वेगळा निघतो. तो बदलला तर जुनीच किल्ली आणि तीच चिप चालते. सिलिंडर बदलला तर पाते नवे येते, मग जुनी चिप नव्या मुठीत घालावी लागते किंवा नव्या किल्लीचे कोडिंग करावे लागते. बॅटरीची तार काढूनच हे काम करावे. आणि दुखणे नेमके कुठले हे कळण्याआधी अख्खा लॉक सेट बदलू देऊ नये. इमोबिलायझर काढून टाकण्याचा सल्ला मिळाला तर तोही नाकारावा, नाहीतर चोराची जुनी सोय परत येते. शिवाय चोरीच्या दाव्यात विमा कंपन्या सहसा दोन्ही किल्ल्या मागतात. म्हणून आपल्याकडे आज एकच चालती किल्ली उरली असेल, तर ती हरवण्याआधी दुसरी कोड करून घ्या. अनेक मोटारींत चालती किल्ली हाताशी असताना हे काम बरेच सोपे आणि स्वस्त असते.