मालविकेचे नेपथ्य : नृत्यवस्त्राच्या निवडीसंबंधी काही विचार

विदर्भाच्या प्राचीन वेषभूषेविषयी लिहिताना आपल्याकडील लेखक बहुधा रुक्मिणीच्या कथेपासून आरंभ करतात व कौंडिण्यपुरावरून थेट पैठणीवर येतात. मधल्या काळाचे प्रमाण म्हणून जे वाङ्मय सहज हाताशी आहे, त्याकडे मात्र फारसे लक्ष दिले गेलेले नाही. कालिदासाच्या मालविकाग्निमित्र नाटकाची नायिका ही विदर्भाची राजकन्या आहे, ती नर्तकी म्हणून रंगभूमीवर येते, आणि तिच्या वेषासंबंधी दोन स्पष्ट उल्लेख त्या नाटकात आहेत. एक पहिल्या अंकात, नृत्याच्या प्रसंगी. दुसरा पाचव्या अंकात, विवाहाच्या प्रसंगी. हे दोन्ही उल्लेख शेजारी ठेवून वाचले असता नृत्यासाठी वस्त्र कसे निवडीत याविषयी बराच उलगडा होतो, असे आम्हांस वाटते. तो वाचकांपुढे ठेवण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रथम कथेचे धागे आठवावेत. विदिशेचा राजा अग्निमित्र हा पुष्यमित्र शुंगाचा पुत्र. विदर्भात यज्ञसेन राज्य करीत असून त्याचा चुलतबंधू माधवसेन याची बहीण ती मालविका. माधवसेन बंदीत पडल्यावर त्याचा अमात्य सुमति तिला घेऊन निघतो. वाटेत अरण्यात दरोडा पडून सुमति मारला जातो, आणि मालविका नाव-कुळ झाकून राणी धारिणीच्या आश्रयास येते. सुमतीची बहीण कौशिकी परिव्राजिका होऊन त्याच राजवाड्यात पोहोचते. पुढे गणदास व हरदत्त या दोन नाट्याचार्यांत श्रेष्ठत्वाचा वाद लागतो, शिष्यांच्या प्रयोगावरून निर्णय करावयाचे ठरते, आणि निर्णयाचा अधिकार कौशिकीकडे येतो. नाटकाच्या शेवटी वरदा म्हणजे आपली वर्धा नदी ही सीमा ठरवून विदर्भाचे दोन भाग होतात.

आता पहिला उल्लेख. परीक्षक या नात्याने कौशिकी दोन्ही आचार्यांस सांगते की, सर्व अंगांचे सौष्ठव व्यक्त व्हावे म्हणून पात्रांचा प्रवेश अमुक प्रकारच्या नेपथ्यात व्हावा. हा प्रकार कोणता, याविषयी छापील प्रतींत दोन पाठ आढळतात : 'विगतनेपथ्य' आणि 'विरलनेपथ्य'. शंकर पांडुरंग पंडितांनी १८६९ साली मुंबई संस्कृत ग्रंथमालेत हे नाटक संपादून प्रसिद्ध केले, तेव्हापासून ते शाळा-कॉलेजांतून शिकविले जात आहे. पण या शब्दापाशी आल्यावर शिक्षक बहुधा घाईने पुढे सरकतो. आम्हीही तेच करीत आलो, हे येथे कबूल केले पाहिजे. पुष्कळ वर्षे वर्गात 'तोकड्या वस्त्रांत' एवढाच अर्थ सांगून आम्ही पान उलटले. त्या अर्थाने नर्तकीच्या शीलावर नकळत एक शिंतोडा उडतो, आणि तो एका संन्यासिनीच्या तोंडून उडतो, ही विसंगती आमच्या ध्यानी आली नाही.

दोन पाठांपैकी ग्राह्य कोणता? यासाठी नाटकाबाहेर जाण्याचे कारण नाही. दुसऱ्या अंकात मालविका नृत्य संपवून उभी राहते, तेव्हा राजा तिच्या स्थितीचे वर्णन करतो. डावा हात कमरेवर ठेवलेला असून त्यातील कंकण मनगटाशी येऊन स्थिर झाले आहे, दुसरा हात सैल सोडला आहे, आणि पायाच्या अंगठ्याने ती फरसबंदीवरील फूल चाळवीत आहे, असा त्याचा आशय आहे. ज्या अर्थी मनगटात कंकण आहे, त्या अर्थी नेपथ्य सर्वस्वी गेलेले नाही. कारण भरताच्या परिभाषेत अलंकार हा नेपथ्याचाच एक भाग होय. पुस्त, अलंकार, अंगरचना व संजीव असे नेपथ्याचे चार प्रकार नाट्यशास्त्रात सांगितले आहेत. सारांश, 'विगत' हा शब्द अक्षरशः घेतला तर तो पुढील वर्णनाशी जुळत नाही. 'विरल', म्हणजे मोजके, दाटी नसलेले, हा पाठ जुळतो. कोणी 'विगत' हाच पाठ पत्करला, तरी त्याचा अर्थ 'भारी साज उतरविलेला' असाच करावा लागेल. 'विरल' याचा अर्थ झिरझिरीत विणीचे कापड असा करण्याचा मोह मात्र टाळावा. ते विशेषण येथे कापडाच्या पोताचे नसून समग्र साजाचे आहे.

दुसरा शब्द 'सौष्ठव'. आपण त्याचा अर्थ सामान्यपणे सौंदर्य असा करतो. पण नाट्यशास्त्रात ती एक विशिष्ट संज्ञा आहे. कंबर व कान एका रेषेत, कोपर, खांदे व मस्तक समस्थितीत, आणि छाती उंचावलेली, अशा देहस्थितीस भरत सौष्ठव म्हणतो. ही स्थिती साधली की नाही हे परीक्षकाने पाहावयाचे, तर कंबर, कोपर, खांदा व छाती यांची रेषा वस्त्राखाली बुडून चालणार नाही. मालविका रंगावर येताच राजा जे वर्णन करतो त्यातही खांद्यापासून उतरलेले बाहू, वक्ष, कुशी, मुठीत मावणारी कंबर व पायाची बोटे हीच स्थाने क्रमाने येतात, आणि नृत्यगुरूच्या मनाजोगता हा देह घडला आहे अशी त्याची अखेर होते. तेव्हा कौशिकीची आज्ञा शृंगाराची नसून परीक्षेची आहे. अक्षर तपासणारा गुरू जसा शाईचे डाग नसलेली पाटी मागतो, तशी ती वेषाची दाटी नसलेले अंग मागते.

या निर्णयास भरताचा दुसराही आधार आहे. आहार्याभिनयाच्या अध्यायात तो बजावतो की, नटांच्या अंगावर जड अलंकार फार घालू नयेत. त्यांच्या भाराने हालचाल करणारा थकतो, घामाघूम होतो, प्रसंगी मूर्च्छितही होतो. म्हणून खऱ्या सोन्याऐवजी लाखेचे व पातळ पत्र्याचे हलके अलंकार करावेत. जो नियम अलंकारास तोच वस्त्रास लागू पडतो, असे अनुमान काढण्यास हरकत नसावी.

चित्रांचा पुरावाही पाहण्याजोगा आहे. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात महाजनक जातकाच्या प्रसंगात एक नर्तकी रंगविली आहे. तिच्या अंगात लांब बाह्यांची, अंगासरशी बसणारी चोळी असून हालचालीबरोबर देहाची वळणे स्पष्ट दिसतात. अंग झाकलेले आहे, पण रेषा झाकलेली नाही. अजिंठ्याचे हे वैभव पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातील, वाकाटक हरिषेणाच्या काळाशी जोडले जाते, आणि हरिषेणाची शाखा वत्सगुल्म म्हणजे आपल्या वाशीमची होती. अर्थात हे प्रमाण वापरताना सावध राहिले पाहिजे. नाटकाची कथा शुंगकालीन असली, तरी त्यातील वेष कवीच्या स्वतःच्या काळचा समजावा. अजिंठ्याचे चित्र त्या काळाच्या जवळचे आहे, अग्निमित्राच्या काळचे नव्हे.

आता दुसरा उल्लेख. पाचव्या अंकात धारिणी कौशिकीस म्हणते की, प्रसाधनकलेचा तुम्हांस अभिमान आहे, तर मालविकेच्या अंगावर वैदर्भ पद्धतीचे विवाहनेपथ्य करून दाखवा. त्यानंतर राजास ती दिसते ती फार खाली न लोंबणारे दुकूल नेसलेली व पुष्कळ अलंकार ल्यालेली. जी कौशिकी नृत्यासाठी साज उतरविण्यास सांगते, तीच विवाहासाठी साज चढविते. आणि ती स्वतः विदर्भाची आहे. एकाच जाणत्या स्त्रीच्या हातून, एकाच देहासाठी, दोन प्रसंगी दोन निराळ्या निवडी झाल्या आहेत. आमच्या मते या दोन स्थळांचे खरे महत्त्व यातच आहे. वस्त्र चांगले की वाईट हा प्रश्न नसून ते कोणत्या कार्यासाठी, हा प्रश्न आहे.

दुकूलासंबंधी एक खुलासा अवश्य आहे. मराठी भाषांतरांत त्याचे सर्रास 'रेशमी वस्त्र' होते. परंतु अमरकोशात क्षौम व दुकूल हे पर्याय दिले आहेत, आणि क्षौम हे मूळचे झाडाच्या अंतर्सालीच्या तंतूंचे कापड. कौटिल्य वंग, पुंड्र व सुवर्णकुड्य या पूर्वेकडील देशांचे दुकूल वर्णितो. म्हणजे वैदर्भ पद्धतीच्या वेषातील कापड विदर्भातच विणलेले असले पाहिजे, असे मुळीच नाही. वैदर्भ होती ती नेसण्याची व सजविण्याची रीत. उत्तम सुती कापडाच्या देशांची जी यादी कौटिल्य देतो, तीतही विदर्भाचे नाव नाही. वऱ्हाडच्या कापसाची जगभर झालेली प्रसिद्धी प्रामुख्याने एकोणिसाव्या शतकातील, विशेषतः १८६१ ते १८६५ या अमेरिकन यादवी युद्धाच्या काळातील आहे. ती मागे ढकलून कालिदासापर्यंत नेण्याचा मोह आम्हां वऱ्हाडकरांनी आवरला पाहिजे.

कौशिकीचा नियम पोथीतच राहिला असे नाही. लावणी नाचणारी स्त्री नऊवारी लुगड्याचा कासोटा घट्ट ओढते, तो दोन्ही पाय मोकळे राहावेत व पदन्यास दिसावा म्हणून. सुती लुगडे घाम शोषते व कमरेशी आवळून बसते. रेशीम दिव्यापुढे खुलते, पण सरकते. भरजरी पदर शोभतो, पण खांद्यावर ओझे होतो व घामाने जर काळवंडते. मशरू या जुन्या कापडात बाहेर रेशमाची झळाळी व अंगाशी कापसाचा स्पर्श अशी युक्ती विणकरांनी साधली होती. आमच्या भागातील दंडारीत पुरुषच स्त्रीवेष घेत, तेथेही पदर खोचून, कंबर कसूनच नाचावे लागे. शास्त्र न वाचलेल्या या मंडळींचे व भरताचे मत एकच पडते, कारण दोघांचा गुरू नाचणारा देह हाच आहे.

शेवटी संग्राहकांस एक विनंती. कागद टिकला, कापड टिकले नाही. म्हणून वरील सर्व विवेचन शब्दांवर व चित्रांवर उभारावे लागले. जुन्या जरीच्या वस्त्रांची गत आपणांस ठाऊक आहे. ती वजनावर विकली जातात व चांदीसाठी जाळली जातात. त्यांतून उरलेला एखादा तुकडा पोथीचे बासन म्हणून आपल्या हाती येतो, आणि आपण पोथी ठेवून बासन फेकून देतो. पोथीचे कागद, लेखनकाळ व लेखकाचे नाव जसे टिपून ठेवतो, तसे बासनाचे सूत, काठ, रंग, शिवण व ते कोणत्या घरून आले हेही टिपावे. ते धुऊ नये, घडीवर दाब देऊ नये, स्वच्छ धुतलेल्या मलमलीत वेगळे ठेवावे. दंडारीच्या व तमाशाच्या जुन्या पेट्यांतील वस्त्रे आणि कापडवाल्यांच्या खतावण्या यांचीही अशीच नोंद झाली पाहिजे.

आम्ही हे नांदगाव पेठेत बसून लिहीत आहो. नागपूरच्या रस्त्यावरील या गावाच्या शिवारात आज औद्योगिक वसाहत उभी असून तेथे कापडाचे कारखाने आहेत. अमरावतीच्या नव्या वस्त्रोद्यान प्रकल्पाची पायाभरणीही २०२४ च्या सप्टेंबरात झाली. नवे कापड येथे वाराने नव्हे, गाठींनी निघेल. परंतु वरदेच्या या तीरावर पूर्वी नाचणाऱ्या बाईने काय नेसले होते हे सांगणारी एक वीतभर चिंधी जर कोणाच्या फडताळात पडली असेल, तर ती आमच्या दृष्टीने त्या सर्व गाठींहून मोलाची आहे. ती जळण्यापूर्वी तिची नोंद व्हावी, एवढेच मागणे आहे.