सेंट पँक्रसचे हॉटेल आणि तेथील मृत

मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस ज्याने डोळे भरून पाहिले आहे, त्याला लंडनचे सेंट पँक्रस स्थानक अगदीच परके वाटणार नाही. तशाच टोकदार कमानी, तसेच मनोरे आणि घड्याळ. नातेही खरे आहे: स्थानकाच्या दर्शनी भागी उभे असलेले मिडलंड ग्रँड हॉटेल ज्यांनी रचले, त्या जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनीच आपल्या राजाबाई मनोऱ्याचे आराखडे केले, मुंबईत मात्र ते कधी आले नाहीत.

हे हॉटेल ५ मे १८७३ रोजी उघडले. त्याला सुमारे तीनशे खोल्या होत्या, पाण्याच्या दाबावर चालणारे पाळणे होते. परंतु स्नानगृहे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी! सेवक कढत पाणी खोलीत नेऊन देत. पुढे लोकांच्या सवयी बदलल्या, पण आगीच्या भयाने बांधलेल्या त्या जाडजूड जमिनींतून नळ नेणे दुष्कर ठरले. १९३५ साली हॉटेल बंद झाले व तेथे रेल्वेच्या कचेऱ्या आल्या. शेजारच्या युस्टन स्थानकाची भव्य कमान १९६१-६२ मध्ये पाडली गेली, तेव्हा याचीही पाळी येणार असे दिसू लागले. कवी जॉन बेट्जमन आदी मंडळींनी आवाज उठविला आणि १९६७ साली इमारतीला प्रथम श्रेणीच्या वारशाचे संरक्षण मिळाले. तरीही ती पुढे बरीच वर्षे ओस पडली होती. पुनर्विकासानंतर, २०११ साली, पुन्हा ५ मे हाच दिवस साधून तिचे औपचारिक उद्घाटन झाले. वरच्या मजल्यांवर आता धनिकांची निवासस्थाने आहेत.

वाचकहो, वास्तू वाचली याचा आनंद मानावाच. परंतु या लोहमार्गासाठी १८६६च्या सुमारास एगर टाउन ही गरिबांची वस्ती उठविली गेली, तेव्हा त्या भाडेकरूंसाठी कोणी कवी धावला नाही. त्यांना भरपाईही मिळाली नाही.

मार्गात जुन्या सेंट पँक्रस मंदिराची दफनभूमीही आली. मंदिर अँग्लिकन, तथापि, कॅथोलिकांना उघड उपासनेचीही मोकळीक नव्हती त्या काळापासून लंडनचे कॅथोलिक आपले मृत येथेच आणीत. फ्रेंच राज्यक्रांतीतून जीव वाचवून आलेले कित्येक धर्मगुरूही येथेच निजले. हजारो थडगी उकरली गेली. त्या कामावर देखरेख ठेवणाऱ्यांत एक तरुण वास्तुशास्त्रज्ञ होता, पुढे कादंबरीकार म्हणून गाजलेला थॉमस हार्डी.

२००२-०३ मध्ये, खाडीखालून युरोपला जाणाऱ्या गाड्यांच्या नव्या मार्गासाठी, तीच भूमी पुन्हा खणली गेली. काम झटपट उरकावे म्हणून पुरातत्त्वज्ञांना काही काळ बाजूला सारले गेले. ओरड झाल्यावर त्यांना परत घेतले. (रस्ता रुंद करताना वाटेतले क्रूस हलविण्याचा प्रसंग आपल्या धर्मग्रामांनाही नवा नाही.) त्या उत्खननात एक सांगाडा सापडला. त्याच्यासोबत चिनी मातीच्या दातांची कवळी होती. ते होते नारबोनचे आर्चबिशप आर्थर रिचर्ड डिलन, १८०६ साली लंडनमध्ये निर्वासित म्हणून वारलेले. २००७च्या मार्चमध्ये त्यांच्या अस्थी फ्रान्सला नेऊन त्यांच्याच कॅथेड्रलमध्ये ठेवण्यात आल्या. त्याच वर्षी १४ नोव्हेंबरला सेंट पँक्रसहून फ्रान्सकडे जाणारी पहिली प्रवासी गाडी सुटली.