तेरा भागांची मंजुरी

जुन्या मालिकांचा विषय निघाला की आपल्याकडे एक वाक्य ठरलेले असते : "तेव्हाच्या मालिका काय सुंदर असायच्या, आणि वेळेवर संपायच्या!" ऑफिसात, कॉलनीच्या बाकावर, महाप्रसादाची भाजी चिरतानासुद्धा हे ऐकायला मिळते. सुंदर असायच्या म्हणण्यात आठवणींचा गोडवा बराच आहे. कंटाळवाण्या मालिकाही पुष्कळ होत्या, त्या आपण सोयीस्कर विसरलो. पण वेळेवर संपायच्या हे मात्र खरे. त्या का संपायच्या, काही का धावल्या आणि काही का अडखळल्या, याचे उत्तर मला लेखक-दिग्दर्शकांच्या प्रतिभेइतकेच दूरदर्शनच्या फायलींत सापडते. डिप्लोमा करून सिग्नल खात्यात वीसेक वर्षे काढलेल्या माणसाला असेच दिसणार, असे कोणी म्हटले तर माझी हरकत नाही.

गाडी चालवायची तर आधी लाइन टाकावी लागते. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, पण आपल्या बिलासपूरकडे त्याचा काय उपयोग? त्यातल्या त्यात आपल्या भागाचे नशीब असे की १९७५-७६ मध्ये अमेरिकेकडून वर्षभरासाठी मिळालेल्या उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत टीव्ही दाखवण्याचा जो प्रयोग झाला, त्यात छत्तीसगढची खेडीही होती. शेती, आरोग्य, शाळेचे धडे असे कार्यक्रम असत. वर्ष भरले, उपग्रहाची मुदत संपली, प्रयोग थांबला. मग १९८२ साली दिल्लीच्या एशियाडच्या निमित्ताने रंगीत प्रक्षेपण आले. त्यासाठी आपले विदर्भातले वसंतराव साठे माहिती व नभोवाणी मंत्री असताना हट्टाला पेटले होते. त्याच वर्षी सोडलेला इन्सॅट-१ए काही महिन्यांतच निकामी झाला. ऑगस्ट १९८३ मध्ये इन्सॅट-१बी गेला आणि तो टिकला. त्याच्या भरवशावर देशभर कमी शक्तीचे ट्रान्समीटर बसू लागले. १९८४ मध्ये तर काही महिने सरासरी रोज एक नवा ट्रान्समीटर सुरू होत होता. या ट्रान्समीटरची ताकद शंभर वॅट, म्हणजे जुन्या घरगुती बल्बएवढी. पल्ला पंधरा-वीस किलोमीटर. तेवढ्यावर गावेच्या गावे भागली.

आणि याच वर्षी, ७ जुलै १९८४ ला, 'हम लोग' सुरू झाली. मालिका आणि लाइन एकाच हंगामात तयार होणे हा केवढा योग आहे, हे खात्यातल्या लोकांना सांगायला नको. दोन वर्षे आधी आली असती तर ती दिल्ली-मुंबईपुरती राहिली असती.

'हम लोग'ची कल्पना मेक्सिकोची. तिकडे मिगेल सबीदो नावाच्या निर्मात्याने कौटुंबिक मालिकांतून कुटुंबनियोजन, साक्षरता असे विषय लोकांच्या गळी उतरवले होते. आपल्याकडे मनोहर श्याम जोशींनी लिहायला घेतले आणि पहिल्या तेरा भागांत कुटुंबनियोजनाचा डोस इतका झाला की प्रेक्षक कंटाळले. मालिका तिथेच बसली असती. पण मधल्या टप्प्यावर दुरुस्ती झाली. उपदेश कमी केला, बसेसर रामचे दारूचे व्यसन, बडकीचे लग्न, नन्हेचे उद्योग पुढे आणले. पत्रे येऊ लागली. सतरा महिन्यांत चार लाखांच्या आसपास पत्रे आली असे त्या मालिकेच्या अभ्यासकांनी नोंदवले आहे. शेवटी अशोककुमार येऊन दोन शब्द बोलायचे, त्यातच काय तो उपदेश उरला. डिसेंबर १९८५ मध्ये मालिका संपली तेव्हा तिच्या प्रायोजकाचे दोन मिनिटांचे नूडल्स घरोघर पोचले होते, आणि कुटुंबनियोजन होते तिथेच होते!

आता तेराच्या आकड्याबद्दल. वर्षाचे आठवडे ५२, तिमाहीचे १३. दूरदर्शन आठवड्याच्या मालिकेला एका वेळी तेरा भागांची मंजुरी देई. पसंत पडली तर पुढच्या तेरांची मुदतवाढ. निर्मात्याने आपल्या खर्चाने भाग काढायचे, प्रायोजक कंपनीने दूरदर्शनला शुल्क भरायचे, त्या बदल्यात तिला जाहिरातीसाठी ठराविक सेकंद मिळायचे. म्हणजे फाईल, एस्टिमेट, सँक्शन, एक्स्टेन्शन. आपल्याला यातले काहीच नवीन नाही. या चौकटीचा परिणाम मालिकांच्या लांबीवर स्पष्ट दिसतो. 'मालगुडी डेज'चे मूळ भाग ३९, म्हणजे तीन तेरे. 'रामायण' ५२ भागांचे ठरले होते, लोकांच्या आग्रहाने वाढत ७८ वर थांबले, म्हणजे सहा तेरे. लेखकाला पहिल्याच दिवशी माहीत असायचे की हातात तेरा आठवडे आहेत, पुढचे देवाच्या आणि मंडी हाऊसच्या हाती. त्यामुळे गोष्ट तेरात बसवावीच लागे. कथानकाला पाणी घालायला जागाच नव्हती. याला शिस्त म्हणा किंवा नाइलाज म्हणा.

या पद्धतीचा तोटाही होता. एखादी मालिका सातव्या-आठव्या भागात रंगात यायची आणि तेराव्याला बंद व्हायची. लोकांना आवडूनही प्रायोजक मिळाला नाही म्हणून मुदतवाढ न मागितलेल्या मालिकाही असणारच. त्यांची नावे आज कोणाला सांगता येणार नाहीत, आणि "तेव्हाच्या मालिका सुंदर" म्हणताना त्या हिशेबात धरल्या जात नाहीत.

चौकटीत चपखल बसलेली आणि आपल्या जिव्हाळ्याची मालिका म्हणजे श्याम बेनेगलांची 'यात्रा' (१९८६). भारतीय रेल्वेच्या सहकार्याने काढलेली. ओम पुरी फौजी जवान, कन्याकुमारीहून जम्मूतवीला निघालेली हिमसागर एक्सप्रेस, आणि डब्यात चढणारी-उतरणारी माणसे. तेव्हा देशातली सर्वांत लांब पल्ल्याची गाडी हीच. या मालिकेला मुदतवाढ देणे कोणाला शक्यच नव्हते, कारण गाडी टर्मिनसला लागली की गोष्ट संपणार. भाग पंधरा. गार्ड, टीसी, पँट्री, डब्यातले भांडण, यातले काहीही खोटे वाटत नाही. खात्यात नव्याने आलेल्या मुलांनी ती जरूर पाहावी.

'मालगुडी डेज' हे दुसरे रेल्वेचे लेणे. शंकर नाग यांनी ती आगुंब्याला चित्रित केली आणि मालगुडी स्टेशन म्हणून शिवमोग्गा-तालगुप्पा या तेव्हाच्या मीटरगेज लाइनवरचे अरसाळू स्टेशन वापरले. आर. के. नारायण यांच्या कथा आणि त्यांचे धाकटे बंधू, आपल्या मुंबईचे आर. के. लक्ष्मण यांची रेखाचित्रे. २०२० मध्ये दक्षिण पश्चिम रेल्वेने अरसाळूच्या जुन्या स्टेशन इमारतीत मालगुडीचे छोटे संग्रहालय केले आहे. जोगचा धबधबा पाहायला जाणाऱ्यांच्या वाटेवरच ते लागते. लक्ष्मण यांच्याच कल्पनेतून १९८८ साली 'वागळे की दुनिया' आली. दिग्दर्शक कुंदन शाह, वागळे झाले अंजन श्रीवास्तव, मिसेस वागळे भारती आचरेकर. बाहेरगावी राहणाऱ्या मराठी माणसाला तिचे अप्रूप जास्त. बँकेत, शाळेत आपले आडनाव तीनदा उच्चारून सांगावे लागते, त्या दिवसांत एक मराठी आडनाव साऱ्या देशाच्या तोंडी बसले होते.

एकच चॅनल असल्याचा फायदा मालिकांना झाला, तसा तापही झाला. जे दाखवायचे ते सर्वांनाच दिसणार, त्यामुळे ज्याला लागायचे त्याला लागणारच. १९८५ च्या 'रजनी'त प्रिया तेंडुलकर दर आठवड्याला कोणाच्या ना कोणाच्या कामचुकारपणाचा समाचार घ्यायच्या. टॅक्सीवाल्यांवरचा भाग लागला आणि मुंबईतले टॅक्सीचालक निदर्शने करीत बाहेर पडले. जानेवारी १९८८ मध्ये गोविंद निहलानींची 'तमस' सुरू झाली तेव्हा प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. न्यायमूर्ती लेंटिन आणि न्यायमूर्ती सुजाता मनोहर यांनी मालिका स्वतः पाहिली आणि प्रक्षेपणाला परवानगी दिली. पुढे सर्वोच्च न्यायालयानेही तीच भूमिका घेतली. फाळणीच्या दंगलींवरची ती मालिका बंद पडली असती तर पुढे दहा वर्षे कोणी त्या विषयाला हात लावला नसता, असे माझे मत आहे.

'टिपू सुलतान'ची अडचण निराळी होती. ८ फेब्रुवारी १९८९ रोजी म्हैसूरच्या प्रीमियर स्टुडिओत तिच्या सेटला आग लागली आणि ६२ माणसे गेली. संजय खान स्वतः गंभीर भाजले. तरीही मालिका पूर्ण झाली आणि १९९० मध्ये दाखवली गेली. सेट म्हटला की बांबू, कापड, प्लायवूड आणि तात्पुरती वायरिंग. आपला मंडप वेगळ्या कशाचा असतो? मेन स्विचपाशी वाळूच्या बादल्या ठेवा म्हणून मी दर वर्षी मागे लागतो, तेव्हा कार्यकर्ते कंटाळतात. त्यांनी ही तारीख लक्षात ठेवावी.

'रामायण'बद्दल सांगायला नवे काय उरले आहे? २५ जानेवारी १९८७ ते ३१ जुलै १९८८, रविवारी सकाळी साडेनऊ. चित्रीकरण आपल्या पश्चिम रेल्वेवरच्या उंबरगावला. आधी अधिकाऱ्यांना धार्मिक मालिका सरकारी माध्यमावर दाखवावी की नाही याचीच शंका होती. नंतर ती बंद करणे अवघड झाले. उत्तरकांड न दाखवता मालिका संपवली म्हणून जालंधरच्या सफाई कामगारांनी संप केला. महर्षी वाल्मीकींना मानणारा हा समाज, त्यांची कथा अर्धी का सोडली हा त्यांचा सवाल होता, आणि तो रास्त होता. शेवटी उत्तर रामायण काढावे लागले. त्या वेळी गाड्यासुद्धा स्टेशनात थांबून राहायच्या असे जुने लोक सांगतात. कंट्रोलच्या चार्टवर डिटेन्शनचे असे कारण कोणी लिहिणार नाही, तेव्हा पुरावा मागू नये. पाठोपाठ २ ऑक्टोबर १९८८ ला 'महाभारत' आले, ९४ भागांचे. त्यातला कृष्ण आपला नितीश भारद्वाज, शिक्षणाने पशुवैद्य.

या सगळ्यात मराठी कुठे होती? मुंबई केंद्रावर 'चिमणराव गुंड्याभाऊ'त दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे लोकांना हसवत होते, १९८७ च्या 'स्वामी'त रवींद्र मंकणी आणि मृणाल देव यांनी महाराष्ट्राला रडवले. आपल्याला यातले काही दिसत नव्हते. बिलासपूर, खरगपूर, झाशी, सिकंदराबाद, कुठल्याही रेल्वे कॉलनीतला मराठी माणूस राष्ट्रीय कार्यक्रमावर होता. मराठीचे दर्शन रविवारी दुपारच्या प्रादेशिक चित्रपटात, तेही पाळी येईल तेव्हा. सुट्टीत आजोळी गेलेली मुले 'स्वामी'ची गोष्ट ऐकून यायची. पण त्याची दुसरी बाजू अशी की रविवारी सकाळी बॅनर्जी, राव, साहू आणि कुलकर्णी एकाच खोलीत सतरंजीवर बसलेले असायचे, आणि सोमवारी ऑफिसात सगळ्यांना बोलायला एकच विषय असायचा.

मग डबल लाइन झाली, चौपदरी झाली. १९९१ च्या आखाती युद्धाने केबल आणली, २ ऑक्टोबर १९९२ ला झी आले. दूरदर्शनवर 'सुरभि'सारखा कार्यक्रम तरीही तग धरून होता. सिद्धार्थ काक आणि रेणुका शहाणे यांच्या प्रश्नांना पंधरा पैशांच्या कार्डांवर इतकी उत्तरे आली की टपाल खात्याला स्पर्धांसाठी दोन रुपयांचे वेगळे कार्ड काढावे लागले. आरएमएसच्या डब्यात ती पोती कोणी उचलली असतील त्यांनाच ठाऊक.

मात्र खासगी वाहिन्यांवर तेराची चौकट मोडली. रोजची मालिका म्हणजे सेट कायमचा उभा, कलाकार महिन्यांच्या करारावर, जाहिरातीचा दर टीआरपीवर. यात शेवट आधी ठरवण्याचे कारणच राहत नाही. आकडा चढता असेपर्यंत गाडी हाकायची, उतरला की जिथे असेल तिथे उभी करायची. 'क्योंकि सास भी कभी बहू थी' ३ जुलै २००० ला सुरू झाली आणि २००८ मध्ये थांबली तेव्हा १८०० च्या वर भाग झाले होते. ईटीव्ही मराठीवरची 'चार दिवस सासूचे' २००१ पासून २०१३ पर्यंत, तीन हजारांहून अधिक भाग. नावात चारच दिवस होते! त्या मालिका वाईट माणसांनी लिहिल्या असे नाही. १३ भागांत संपवायला सांगितले असते तर त्यांनीही संपवल्या असत्या.

आणि तरीही १५ ऑगस्ट १९९९ ला अल्फा मराठी सुरू झाले तेव्हा आपल्या कॉलनीत पेढे वाटावेत इतका आनंद झाला होता. 'आभाळमाया', नंतर 'वादळवाट'. इथेच जन्मलेल्या आमच्या मुलांच्या तोंडी जे बरे मराठी शब्द आहेत, त्यांतले निम्मे आजीकडून आणि निम्मे या मालिकांतून आले आहेत. शेजारचे बॅनर्जी त्या वेळी त्यांच्या घरी बंगाली वाहिनी लावून बसलेले असतात.

२०२० च्या टाळेबंदीत दूरदर्शनने २८ मार्चपासून 'रामायण' पुन्हा लावले, रोज सकाळ-संध्याकाळ, आणि ७८ भाग तीन आठवड्यांत संपवले. १६ एप्रिलच्या एका दिवशी ७ कोटी ७० लाख लोकांनी ते पाहिले असे दूरदर्शनने जाहीर केले. त्या तीन आठवड्यांत बॅनर्जींच्या आणि आमच्या भिंतीपलीकडून बऱ्याच वर्षांनी एकच आवाज येत होता. सध्या मात्र आपल्या मंडळाचे सांस्कृतिक कार्यक्रम रात्री साडेनऊला ठेवावे लागतात, कारण साडेनऊपर्यंत भगिनीवर्ग मालिकांसमोर असतो. यंदाही वेळ तीच आहे, सर्वांनी नोंद घ्यावी.