टोकियोच्या उपनगरी लोहमार्गांवरील नावे

टोकियोतील शिनागावा हे रेल्वेस्थानक शिनागावा प्रभागात नाही. ते उत्तरेकडील मिनातो प्रभागात मोडते. मेगुरो स्थानक मेगुरो प्रभागात नसून शिनागावा प्रभागात आहे. किता-शिनागावा ह्याचा शब्दशः अर्थ ‘उत्तर शिनागावा’. परंतु हे स्थानक शिनागावा स्थानकाच्या दक्षिणेस आहे. नकाशा पुढे ठेवून ही नावे प्रथमच वाचणारास हा सारा घोळच वाटेल. वस्तुतः इतिहासाच्या दृष्टीने ह्यांपैकी एकही नाव चुकलेले नाही. तोकाइदो ह्या जुन्या राजरस्त्यावरील एदो नगरीबाहेरचा पहिला मुक्काम म्हणजे शिनागावा. १८७२ साली जपानचा पहिला लोहमार्ग शिनबाशी व योकोहामा ह्यांच्या दरम्यान सुरू झाला, तेव्हा ह्या मुक्कामाच्या गावाच्या उत्तरेस स्थानक उभे राहिले आणि त्याने जवळच्या प्रसिद्ध गावाचे नाव घेतले. किता-शिनागावा हे नाव त्या गावाच्या उत्तर भागास अनुसरून आहे. मोठ्या स्थानकाशी त्याचा संबंध नाही. मेगुरो स्थानक १८८५ सालचे. आणि शिनागावा व मेगुरो हे प्रभाग मात्र शहराची हद्द वाढली तेव्हा, म्हणजे १९३२ साली, अस्तित्वात आले. नावे आधीची, सीमा नंतरच्या, एवढाच ह्या विसंगतीचा अर्थ.

ह्या शहरात स्थानकाच्या नावाला जे महत्त्व आहे ते अन्यत्र क्वचितच आढळेल. टोकियोतील बहुतेक रस्त्यांना नावे नाहीत. पत्ता सांगावयाचा तो विभाग, गट आणि घर ह्यांच्या क्रमांकांनी. त्यामुळे आपण कोठे राहतो हे सांगताना माणूस प्रथम स्थानकाचे नाव घेतो, आणि घर भाड्याने देणारा त्या स्थानकापासून किती मिनिटे चालावे लागते ते सांगतो. अशा शहरात ही नावे ठरवितो कोण, आणि ठरविलेली नावे टिकतात कशाने, हा केवळ व्युत्पत्तीचा प्रश्न राहत नाही.

आरंभीच्या काळात नावे ठरविणारी रेल्वे बहुशः गावाचेच नाव उचलीत असे. अडचण आली ती एकाच नावाची दोन स्थानके होऊ लागली तेव्हा. तोचिगी प्रांतात कोगानेइ नावाचे स्थानक पूर्वीच होते. म्हणून टोकियोच्या पश्चिमेस १९२६ साली झालेल्या स्थानकास मुसाशी-कोगानेइ असे म्हणावे लागले. मुसाशी हे प्राचीन प्रांताचे नाव. प्रांतांची ती व्यवस्था १८७१ साली मोडली. मुसाशी-साकाइ, मुसाशी-कोसुगी अशा जोडनावांतून राज्यकारभाराने टाकून दिलेला हा शब्द रेल्वेने नित्य उच्चारात ठेवला. मार्गांच्या नावांत दुसरीच पद्धत दिसते. दोन टोकांच्या गावांतील एकेक लिपिचिन्ह घेऊन त्यांचा समास करावयाचा: टोकियो व योकोहामा ह्यांचे केइहिन, टोकियो व हाचिओजी ह्यांचे केइओ, टोकियो व नारिता ह्यांचे केइसेइ. ‘टोकियो’तील दुसऱ्या चिन्हाचा उच्चार येथे ‘क्यो’ न राहता ‘केइ’ होतो, कारण चीनमधून निरनिराळ्या काळी आलेले दोन्ही उच्चार जपानी भाषेने सांभाळले आहेत. १९८५ साली साइतामा व टोकियो ह्यांना जोडणाऱ्या गाड्यांना ‘साइक्यो’ म्हटले गेले, तेव्हा मात्र ‘क्यो’ परत आला.

समासाने सांगितलेले टोक प्रत्यक्षात गाठले जाईलच असे नाही. १९१४ साली इकेबुकुरोहून निघालेल्या तोजो मार्गाच्या नावातील ‘जो’ हे कोझुके, म्हणजेच जोशू, ह्या प्रांताचे चिन्ह होय. मार्ग १९२५ साली योरीइपर्यंत पोहोचला आणि तेथेच थांबला. कोझुके प्रांतात तो कधीच गेला नाही. नाव मात्र आजही तेच आहे.

ह्यापुढची पायरी अधिक महत्त्वाची. १९२३ च्या भूकंपानंतर वस्ती झपाट्याने पश्चिमेस सरकली, आणि जमीन विकणाऱ्या कंपन्या व लोहमार्ग चालविणाऱ्या कंपन्या ह्यांचे हितसंबंध एक झाले. गावाचे नाव स्थानकाने घ्यावयाचे ही रीत आता उलटी झाली. कोकुबुनजी आणि ताचिकावा ह्या दोन स्थानकांच्या मध्ये १९२६ साली नवे स्थानक झाले, तेव्हा पहिल्याचे आद्य चिन्ह व दुसऱ्याचे आद्य चिन्ह घेऊन कुनिताची हे नाव बनविण्यात आले. कोठल्याही जुन्या दप्तरात हे गाव सापडणार नाही. भोवतालच्या गावाचे नाव याहो. १९५१ साली त्या गावानेच आपले नाव टाकून कुनिताची हे नाव धारण केले. गंमत अशी, की तीच दोन चिन्हे ‘कोकुरित्सु’ अशी वाचली तर ‘राष्ट्रीय’ असा अर्थ होतो. आणि गावात एक राष्ट्रीय विद्यापीठही असल्यामुळे लिखित मजकुरात घोटाळा होण्यास पुरेपूर वाव राहतो.

जियूगाओकाचे उदाहरण ह्याहून बोलके आहे. १९२७ साली हे स्थानक कुहोनबुत्सु ह्या नावाने उघडले. जवळच्या देवळातील नऊ बुद्धमूर्तींवरून ते नाव आले होते. दोन वर्षांनी दुसऱ्या मार्गावर देवळाच्या अधिक जवळ स्थानक झाले आणि ते नाव तिकडे गेले. रेल्वे कंपनीच्या मनात येथे फुसुमा हे जुन्या गावाचे नाव द्यावयाचे होते. परंतु परिसरात जियूगाओका, म्हणजे ‘स्वातंत्र्याची टेकडी’, नावाची एक नव्या विचारांची शाळा निघाली होती. नर्तक इशिइ बाकू ह्यांच्यासारखे तेथील रहिवासी पत्रव्यवहारात हेच नाव वापरू लागले होते. कंपनीने हे चलन मान्य केले आणि १९२९ साली पाटी बदलली. १९३२ साली वस्तीचे अधिकृत नावही तेच झाले. येथे नावाचा उगम कंपनीच्या कचेरीत नाही. लोकांच्या तोंडी व लेखणीत ते आधी रुळले, पाटीवर नंतर आले.

बोली आणि पाटी ह्यांच्यातील ओढाताण सर्वांत स्पष्ट दिसते ती यामानोते मार्गाच्या बाबतीत. एदो नगरीचे दोन भाग मानले जात: पश्चिमेकडील टेकाडांवरचा सरदारांचा यामानोते, आणि खाडीकडचा, कारागिरांचा व दुकानदारांचा, सखल शितामाची. ‘यामा’ म्हणजे डोंगर, ‘ते’ म्हणजे हात अथवा बाजू, आणि मधला ‘नो’ हा षष्ठीचा, आपल्या चा-ची-चे ह्यांचे काम करणारा, प्रत्यय. लिहिताना मात्र डोंगर व हात एवढी दोनच चिन्हे लिहितात. प्रत्यय वाचणाराने पदरचा घालावयाचा. इनोउए ह्या सर्वपरिचित आडनावातही ‘नो’ असाच अलिखित राहतो. परिणामी, ज्यास नाव ठाऊक नाही तो ही दोन चिन्हे सरळ ‘यामाते’ अशी वाचतो; योकोहामातील ह्याच चिन्हांच्या वस्तीचे नाव तर खरोखरच यामाते आहे. रेल्वेच्या कर्मचाऱ्यांतही ‘यामाते’ हा आटोपशीर उच्चार रूढ होता. महायुद्धानंतर दोस्त सैन्याच्या अमलात पाट्यांवर रोमन अक्षरे घालण्याचा हुकूम निघाला, तेव्हा हाच उच्चार लिहिला गेला. जो प्रत्यय लिपीने शतकानुशतके झाकून ठेवला होता त्याचा लोप आता उघड व अधिकृत झाला, आणि एक पिढी ‘यामाते’ म्हणत वाढली. १९७१ साली रेल्वेने ‘यामानोते’ हा उच्चार पुन्हा प्रस्थापित केला. तो टिकला ह्याचे कारण हुकमात शोधू नये. शहराच्या त्या भागाला लोक मधल्या काळातही यामानोतेच म्हणत होते. मार्गाचे नाव भागाच्या नावाला पुन्हा येऊन मिळाले, इतकेच. किंबहुना बोलीने ह्या नावाचा विस्तारही केला आहे. दप्तरी हिशेबाने यामानोते मार्ग म्हणजे शिनागावापासून शिंजुकूवरून ताबातापर्यंतचा २०.६ किलोमीटरांचा पट्टा. उरलेला भाग तोकाइदो व तोहोकु ह्या प्रमुख मार्गांचा. प्रवासी मात्र १९२५ साली पूर्ण झालेल्या ३४.५ किलोमीटरांच्या संपूर्ण वर्तुळास यामानोते म्हणतो.

आकिहाबाराची कथाही ह्याच जातीची. १८६९ च्या आगीनंतर तेथे मोकळे मैदान राखण्यात आले व पुढील वर्षी अग्निशामक देवतेचे मंदिर बांधले गेले; लोकांनी ही देवता आकिबाची समजून मैदानास आकिबाचे रान म्हटले. १८९० साली तेथे मालस्थानक झाले, आणि रेल्वेच्या नावात ‘बा’चा ‘हा’ व ‘हा’चा ‘बा’ झाला. आजची तरुण मंडळी त्या भागास नुसते ‘आकिबा’ म्हणतात. त्यांना संक्षेप करावयाचा असतो. पण नकळत ती मूळ उच्चारावर जाऊन पोहोचली आहेत.

हे झाले विशेषनामांचे. गाड्यांच्या सामान्यनामाचा इतिहास निराळा आणि अभ्यासकास अधिक उद्बोधक आहे. १९०४ साली कोबु रेल्वेने इइदामाची व नाकानो ह्यांच्यामध्ये विजेच्या गाड्या चालविल्या. १९०६ च्या कायद्यान्वये हा मार्ग सरकारी झाला. त्यानंतर सरकारी उपनगरी गाडीला लोक जे म्हणत ते नाव, गाडी ज्या खात्याची त्या खात्याबरोबर बदलत गेले. १९०८ पासून ‘तेत्सुदोइन’ ह्या खात्यावरून ‘इनदेन’. १९२० साली खात्याचे मंत्रालय (‘शो’) झाल्यावर ‘शोदेन’. १९४९ साली राष्ट्रीय रेल्वेचे महामंडळ झाल्यावर ‘कोकुदेन’. ‘देन’ म्हणजे वीज. प्रत्येक शब्द दोन चिन्हांचा व चार मात्रांचा: इ-न-दे-न, शो-ओ-दे-न, को-कु-दे-न.

१ एप्रिल १९८७ रोजी राष्ट्रीय रेल्वेचे विभाजन व खासगीकरण झाले. ‘कोकु’ म्हणजे राष्ट्र. तेव्हा कोकुदेन हा शब्द गैरलागू ठरला. नव्या पूर्व जपान रेल्वे कंपनीने लोकांकडून सूचना मागविल्या आणि मे महिन्यात ‘ई-देन’ हे नाव जाहीर केले. पूर्व, वीज, आनंद अशा अनेक इंग्रजी शब्दांचे आद्याक्षर त्यात अभिप्रेत होते. आलेल्या सूचनांत ह्या नावाचा क्रमांक विसावा होता. थोड्याच वर्षांत ते वापरातून गेले, इतके की जपानीत फसलेल्या सरकारी-व्यापारी नावाचा दाखला म्हणून त्याचा उल्लेख होतो. सामान्यतः दोष शब्दाच्या विचित्रपणास दिला जातो. परंतु ‘ई-ई-दे-न’ ह्यातही मात्रा चारच. ध्वनिदृष्ट्या तो पूर्वीच्या साच्यात चपखल बसतो. खरे कारण असे दिसते, की कोकुदेन ह्या शब्दाला जे काम होते ते काम उरले नव्हते. रस्त्यावरची ट्राम व खासगी मार्ग ह्यांच्याहून सरकारी गाडी वेगळी दाखविणे हे ते काम. टोकियोच्या ट्राम १९७२ पर्यंत एका मार्गाचा अपवाद वजा जाता बंद झाल्या होत्या, आणि खासगी मार्गांहून वेगळेपणा दाखविण्यास कंपनीच्या नावातील ‘जेआर’ ही दोन अक्षरे पुरेशी होती. ज्या जागी शब्दाची गरज नाही तेथे मात्रा जुळल्या तरी शब्द रुजत नाही.

म्हणूनच २०१८ चा प्रसंग ह्याच्याशेजारी ठेवून पाहावयास हवा. यामानोते वर्तुळावर शिनागावा व तामाची ह्यांच्यामध्ये नवे स्थानक व्हावयाचे होते. त्याच कंपनीने पुन्हा सूचना मागविल्या, ६४,०५२ आल्या. त्यांत ‘ताकानावा’ हे स्थळनाम ८,३९८ सूचनांनी पहिले होते. डिसेंबरात जाहीर झालेले नाव ‘ताकानावा गेटवे’. त्यास ३६ सूचना होत्या आणि त्याचा क्रमांक १३० वा होता. कंपनीचे म्हणणे, की एदो नगरीचे दक्षिण प्रवेशद्वार येथेच होते. ते खरे आहे; ताकानावाची वेस इतिहासप्रसिद्ध आहे. पण वेशीला जपानी शब्द असता इंग्रजी शब्द घेण्याचे समर्थन त्यातून होत नाही. विरोध झाला, सह्या गोळा झाल्या. नाव बदलले नाही, आणि ते ई-देनप्रमाणे विरलेही नाही. ई-देन हा शब्द टाळता येत होता. स्थानकाचे नाव पाटीवर असते, तिकिटावर असते, गाडीत पुकारले जाते. उतरावयाचे असेल तर ते टाळता येत नाही. फार तर ‘गेटवे’ गाळून नुसते ताकानावा म्हणता येईल. ह्या स्थानकाच्या परिसरातील बांधकामात २०१९ साली १८७२ च्या मूळ लोहमार्गाचा समुद्रातून घातलेला दगडी बांध सापडला; त्याचा काही भाग २०२१ साली राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून घोषित झाला.

राहता राहिली दोन विद्यापीठांची स्थानके, आणि ती दोन्ही एकाच तोयोको मार्गावर आहेत. पहिले १९२७ साली हिमोन्या म्हणून उघडले, १९३६ साली आओयामा अध्यापनशाळेच्या नावाचे झाले, १९४३ साली ती शाळा ‘प्रथम अध्यापनशाळा’ झाल्यावर तसे झाले, आणि १९५२ साली गाकुगेइ-दाइगाकु, म्हणजे कलाशिक्षण विद्यापीठ. दुसरे त्याच वर्षी काकिनोकिझाका म्हणून उघडले, १९३१ पासून ‘फुरित्सु’ (प्रांतिक) उच्च शाळेच्या नावाने ओळखले गेले. १९४३ साली टोकियो प्रांत व टोकियो शहर एक होऊन ‘तो’ हा राजधानी-विभाग झाला म्हणून ‘तोरित्सु’ शाळेचे झाले. आणि १९५२ पासून तोरित्सु-दाइगाकु. इतकी वर्षे पाटी संस्थेच्या मागून इमानाने चालली. पुढे पहिले विद्यापीठ १९६४ साली कोगानेइ येथे गेले, दुसरे १९९१ साली हाचिओजीत. पाट्या ह्या वेळी हलल्या नाहीत. १९९९ साली रेल्वे कंपनीने रहिवाशांचा कौल घेतला. बदलास लागणारे मताधिक्य मिळाले नाही. दुकानांच्या फलकांवर, घरांच्या जाहिरातींत, भेटीच्या ठिकाणांत ही नावे इतकी भिनली होती, की विद्यापीठ नाही ही गोष्ट रहिवाशांना गौण वाटली. २००५ साली दुसऱ्या विद्यापीठाची पुनर्रचना होऊन त्याचे नावच बदलले. तेव्हा पंधरा वर्षे नव्या विद्यापीठाचे नाव तोरित्सु-दाइगाकु नव्हते, स्थानकाचे मात्र तेच होते. १ एप्रिल २०२० रोजी, ताकानावा गेटवे उघडल्यानंतर अठरा दिवसांनी, विद्यापीठाने आपले जुने नाव परत घेतले.