महाभारताचे तास

नाशिकला आमच्या मोहल्ल्यापलीकडच्या देवळात कीर्तन चाले. महाभारत माझ्या कानावर पडले ते तिथे. पुण्याच्या भांडारकर संस्थेने त्याची चिकित्सक आवृत्ती १९१९ साली हाती घेतली आणि १९६६ साली पुरी केली, हे फार उशिरा कळले.

सत्तेचाळीस वर्षे! पैसा बाहेरून आला. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी लाखाचा शब्द दिला. निजामाने अकरा वर्षे दरसाल हजार रुपये दिले. अतिथिगृहाला मात्र पन्नास हजार. दगडविटांना देणगी लवकर मिळते, दुसरे काय.

पण शेकडो हस्तलिखितांतला एकेक श्लोक ताडून पाहायला बसायचे कोणी? प्रमुख संपादक विष्णु सीताराम सुखटणकर १९२५ पासून १९४३ साली निधन होईपर्यंत याच कामात होते. उद्योगपर्व मात्र ढाका विद्यापीठातल्या सुशीलकुमार डे यांनी संपादिले, सभापर्व अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या फ्रँकलिन एजर्टन यांनी. नोकरी विद्यापीठाची, तास महाभारताचे. देणग्यांच्या हिशेबात हे तास कुठे लिहायचे?

आजही प्रकल्पाच्या अर्जात यंत्रे, प्रवास, मदतनीस यांचे रकाने असतात. शिकवणाऱ्याच्या वेळेचा बहुधा नसतो. माझ्या ओळखीच्या एका प्राध्यापिकेला अनुदान मिळाले, पण वर्गावरचा एक तासही कमी झाला नाही. अहवाल तिने दिवाळीच्या सुट्टीत लिहिला.