सागवानात कोरलेले पूर्वज

बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तरेस, संग्रामपूर व जळगाव जामोद तालुक्यांत, सातपुड्याच्या पायथ्याशी कोरकूंच्या वस्त्या आहेत. पूर्वेस त्यांचेच मेळघाट. मृतांसाठी कोरकू ‘सिडोली’ हा विधी करतात. तो खर्चिक असल्याने गरिबाघरी कित्येक वर्षे लांबतो. त्या वेळी गावाच्या ठरलेल्या झाडाखाली सागाची कोरीव फळी, ‘मुंडा’, रोवली जाते.

रसेल व हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथात तिचे वर्णन आहे: वर सूर्य-चंद्र, खाली घोड्यावर बसलेला मृत. हयातीत ज्याला बहुधा पायीच रान तुडवावे लागले, त्याला हे वाहन! पुढे ऑस्ट्रियन मिशनरी फादर स्टीफन फुक्स यांनी कोरकूंवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला (१९८८). नोव्हेंबरात कबरींवर मेणबत्त्या लावणाऱ्या आपणांस तो परका वाटू नये.

उघड्यावरचे सागवानही पावसाळ्यांनी झिजते. मुंडा संग्रहालयात नेल्यास लाकूड वाचेल, पण मृताचे ठिकाण जाईल. मेळघाट व्याघ्रप्रकल्पासाठी कोहा, कुंड, बोरी ही गावे उठली. घरे नव्या जागी बांधता येतात. झाडाखालच्या पूर्वजांना कोणी हलवावे?